विसार देण्याआधी एक बादली पाणी ओता

गेल्या वर्षी आषाढातली गोष्ट. धाकट्या नणंदेचा सकाळी सकाळी फोन आला. "वहिनी, ह्यांनी मंचरला एक फ्लॅट बघितलाय. पसंत पडलाय. रविवारी विसार द्यायचाय, तुम्ही दोघं या."

मी विचारलं, "तू बघितलास का?"

"मोबाइलवर फोटो पाहिलेत ना. किचन चांगलं मोठं आहे."

मी म्हटलं, "विसार पुढच्या रविवारी द्या. या रविवारी मी येते आणि येताना एक बादली, एक गोटी, बॅटरी आणि टेस्टर घेऊन येते." ती हसायलाच लागली. मागून दाजींचा आवाज आला, "वहिनी इंजिनिअर कधी झाल्या?"

इंजिनिअर नाही हो मी. ठेच लागलेली बाई आहे. ती ठेच आधी सांगते, म्हणजे बादली कशाला ते कळेल.

२०११ साली आम्ही नारायणगावात फ्लॅट घेतला. त्याआधीच्या हंगामात ह्यांच्या टोमॅटोचे बरे पैसे झाले होते. सासऱ्यांनी ठेवलेली थोडी रक्कम होती, बाकी बँकेचं कर्ज. तरी कमी पडले तेव्हा माझ्या पाटल्या गेल्या. एप्रिलमध्ये ताबा मिळाला. घर पाहायला आम्ही सगळे मिळून चार वेळा गेलो असू. सासूबाईंनी दाराची दिशा पाहिली, दिरांनी गाडी कुठं लागेल ते पाहिलं, ह्यांनी हप्त्याचा हिशेब केला. मी ओट्याचा ग्रॅनाइट पाहिला आणि देवघर कुठं येईल ते ठरवलं. चार वेळा गेलो, पण एकानंही बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतून पाहिलं नाही!

जुलैत पहिली झड लागली आणि बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत खालून वर काळवंडायला लागली. कपाट तिथंच ठेवलं होतं. श्रावणात मंगळागौरीसाठी शालू काढला तर त्याच्या घडीवर बुरशी. धाकट्या मुलाचा खोकला त्या पावसाळ्यात हटेना, डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घरात ओल आहे का?

बिल्डर गोड माणूस. म्हणाला, "ताई, नवीन बांधकाम आहे, पहिल्या पावसात पाणी पितंच. पुढच्या वर्षी आपोआप थांबेल." पुढच्या वर्षी म्हणाला, "मिस्त्री पाठवतो." तिसऱ्या वर्षी खरंच मिस्त्री आला, ओल खरवडून वर पुट्टी आणि रंग मारून गेला. दिवाळीपर्यंत भिंत छान दिसली. चौथ्या वर्षी मी गेले तर तोच गोड माणूस म्हणाला, "ताई, आता मुदत संपली."

कसली मुदत? तोवर मला ठाऊकच नव्हतं. नंतर एका वकीलबाईंनी सांगितलं. १९६३ चा महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा आहे, त्याला 'मोफा' म्हणतात. त्यात ताबा मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला तर तो बिल्डरनं विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. आम्ही दोष दाखवला होता, पण तोंडी. चहा पिता पिता. एक कागद हातात नाही. शेवटी बाथरूम पूर्ण उकरून स्वखर्चानं पुन्हा बांधलं. पाटल्या त्यानंतर काही झाल्या नाहीत.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "तुम्ही इन्स्पेक्शन नाही केलंत?" तिकडे घर पसंत पडलं, किंमत ठरली, की शेवटचे कागद होण्याआधी एक तपासनीस येतो. होम इन्स्पेक्टर. त्याची फी विकत घेणारा देतो, म्हणून तो घेणाऱ्याच्या बाजूचा. छपरापासून तळघरापर्यंत तो दोन-तीन तास घर हिंडतो, सगळे नळ सोडतो, विजेचं पॅनेल उघडतो, फोटोंसकट लेखी अहवाल देतो. मग तो अहवाल हातात घेऊन घेणारा म्हणतो, "हे दुरुस्त करा, नाहीतर एवढे पैसे कमी करा," आणि अगदीच वाईट निघालं तर सौदा सोडूनही देतो. बहीण हेही म्हणाली, की त्याला काही सगळं दिसत नाही. तो भिंत फोडून बघत नाही, दिसतं तेवढंच सांगतो. वाळवीची तपासणीही बऱ्याचदा वेगळी करावी लागते. पण निदान कुणीतरी तुमच्या बाजूनं बघितलेलं तरी असतं.

आपल्याकडे लोक म्हणतात, "बँकेनं पाहिलंय ना घर, मग काय बघायचं?" बायांनो, बँकेचा माणूस बँकेसाठी बघतो. उद्या तुम्ही हप्ते थकवले तर घर विकून कर्ज वसूल होईल का, एवढाच त्याचा प्रश्न. बँकेचा वकील मालकी तपासतो, बोजा आहे का पाहतो. तेही हवंच. पण दोघांतला एकही जण तुमच्या मोरीत पाणी ओतत नाही. पुण्या-मुंबईत आता ओल मोजायची यंत्रं, उष्णता दाखवणारे कॅमेरे घेऊन घर तपासून देणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्या जुन्नर-आंबेगावात त्याचं काम एखादा सिव्हिल इंजिनिअर करू शकतो. अट एकच, तो त्या बिल्डरचा नको आणि दलालानं सुचवलेलाही नको. फी लागते. मात्र आपण वास्तुशांतीच्या जेवणावळीला जे घालवतो त्यापुढे ती फार नसते, असं माझं मत.

आणि इंजिनिअर येण्याआधी आपण स्वतः पाहायचं. कारण घरात दिवसभर कोण असतं?

तर त्या रविवारी मंचरला गेलो. चार दिवस संततधार होती. दाजी म्हणाले, "पाऊस उघडल्यावर गेलो असतो." मी म्हटलं, "छे, मुहूर्त हाच." घर पाहायचं तर झडीत पाहावं. एप्रिल-मेमध्ये सगळीच घरं कोरडी असतात. पावसाळ्यापर्यंत थांबणं जमत नसेल तर निदान मागच्या पावसाच्या खुणा शोधाव्यात. भिंतीला हात लावून बघा, पांढरी भुकटी हाताला लागली तर तो लोणा. ओल येऊन वाळली की क्षार मागं राहतो. रंगाचे पोपडे, कोपऱ्यात कुबट वास, सगळी भिंत जुनी आणि एकच पट्टा ताज्या रंगाचा, ही सगळी साक्षीदार मंडळी. कॅलेंडर उचलून मागं बघायला लाजू नका. भिंतीतलं कपाट उघडून आत डोकं घालून वास घ्या. आपल्या नाकाला डाळ उतू जायच्या आधी कळतं, ओल कळणार नाही?

फ्लॅट वरच्या मजल्यावर होता. बेडरूमच्या छताच्या एका कोपऱ्यात ताजा रंग दिसला. मी काही न बोलता गच्चीवर गेले. बरोबर त्या कोपऱ्यावर पाण्याचं हे एवढं डबकं! पाणी जायच्या तोंडाशी सिमेंटचा ढीग, उतार उलटा. गच्चीचा सगळा उतार पाइपाकडे हवा, आणि कठडा जिथं गच्चीला मिळतो तिथं सिमेंटची गोलाई हवी. तो सांधा नुसता काटकोनात सोडला की पाणी तिथूनच आत शिरतं. वरचा मजला घेणाऱ्या बाईनं जिना चढायचा कंटाळा करू नये.

मग बादली काढली. बाथरूमच्या दारापाशी अर्धी बादली ओतली. पाणी जाळीकडे धावलं तर ठीक. इथं अर्धं पाणी उंबऱ्याशीच थबकलं. म्हणजे रोज तिथं साचणार आणि हळूहळू भिंतीत मुरणार. खरी परीक्षा याहून मोठी असते. जाळीत कापडाचा बोळा घट्ट बसवायचा, दोन बोटं पाणी साठवून एक दिवस-एक रात्र ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या घराचं छत जाऊन पाहायचं. बिल्डर कुरकुर करतो. करू द्या. जो म्हणतो, "खुशाल ठेवा," त्याच्याकडे निम्मं काम झालेलं असतं.

गोटी कशाला, ते मुलांना विचारा. फरशीवर सोडली की उतार कुठं आहे ते सांगते. हॉलमध्ये ती मधोमध येऊन थांबली, तर तिथं फरशी दबलेली आहे. फरशीवर एका रुपयाच्या नाण्यानं टकटक करत जा. भरीव आवाज आला तर खाली सिमेंट आहे. मडकं वाजवल्यासारखा पोकळ आवाज आला तर फरशी नुसती बसवलेली आहे, वरवंटा पडला की फुटेल.

विजेचं मला फार कळत नाही, म्हणून टेस्टरबरोबर ओळखीचा वायरमनही नेला होता. त्यानं दोन प्रश्न विचारले आणि समोरचा माणूस गप्प झाला. अर्थिंगचा खड्डा कुठं आहे? आणि शॉक लागला तर आपोआप बंद होणारा स्विच बसवलाय का? बोर्डवर ओळीनं छोटे स्विच असतात, ते वायर जळण्यापासून वाचवतात. माणसाला शॉकपासून वाचवतो तो वेगळा असतो, त्याच्यावर तपासणीचं एक बटण असतं. ते दाबलं की वीज जायला हवी. ओल्या हातानं गिझर आणि मिक्सर लावणाऱ्या आपण, त्यामुळे हा प्रश्न आपणच विचारायचा. त्या बिल्डिंगमध्ये तो नव्हता.

पाण्याबद्दल बिल्डरला कधीच विचारू नये. "चोवीस तास बोअरचं पाणी," हे उत्तर तो झोपेतही देईल. शेजारणीला विचारावं. मी खालच्या मजल्यावरच्या काकूंचं दार वाजवलं, घरगुती गप्पा केल्या, चहा झाला. काकूंनी सांगितलं, की मार्चपर्यंत बोअर चालतं, एप्रिल-मेमध्ये टँकर, त्याची वर्गणी वेगळी. पाण्याला क्षार इतका, की गिझरची कॉइल सारखी बदलावी लागते. जाता जाता म्हणाल्या, "आमचं बेडरूमचं छत बघता का?" सगळी तपासणी एका कपात झाली! कुकडी-डिंभ्याचे कालवे आपल्या शिवारातून जातात म्हणून आपल्याला वाटतं पाण्याची ददात नाही. कालव्याचं पाणी वेगळं आणि घरातल्या टाकीत चढणारं वेगळं.

खेड्यात किंवा वाढत्या गावठाणाबाहेर सुटं घर घेत असाल तर संडासाची टाकी आणि शोषखड्डा कुठं आहे ते आधी विचारा. पिण्याची विहीर किंवा बोअर त्यापासून साठेक फूट तरी लांब हवी. आपल्या पूर्वेकडच्या भागात नदीकाठानं जिथं खोल काळी माती आहे, तिथं शोषखड्डा पावसाळ्यात पाणी शोषतच नाही. माती आधीच फुगलेली असते. मग टाकी तुंबते, आणि हे कळतं ते घरात पाहुणे असताना.

काळ्या मातीचं दुखणं एवढ्यावर थांबत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, शेतात भेगा पडतात त्या आपण पाहतोच. तेच घराखाली होतं. पाया वरच्यावर ठेवला असेल तर घर दरवर्षी किंचित उचलतं आणि किंचित बसतं. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, दार चौकटीत अडकायला लागतं. दार अडकलं की आपण सुताराला बोलावतो आणि रंधा मारून घेतो, पण दोष दाराचा नसतो. म्हणून विचारायचं, पाया किती खोल नेलाय, मुरूम किंवा खडक लागला का? सगळ्याच चिरा वाईट नसतात. गिलाव्यावरची केसासारखी बारीक जाळी फारशी घाबरायची नाही. बीम आणि विटांच्या सांध्यावरची सरळ रेघही बहुधा चालते. पण तिरपी चीर, पायऱ्या-पायऱ्यांनी विटांमधून गेलेली चीर, नाण्याची कड आत शिरेल एवढी चीर दिसली तर इंजिनिअर आल्याशिवाय पुढं बोलू नये. चिरेच्या टोकाला पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहून ठेवायची. दोन महिन्यांनी चीर खुणेच्या पुढं गेली असेल तर ती जिवंत आहे.

जुनी आरसीसी इमारत असेल तर जिन्याखालचं आणि पार्किंगचं छत बघा. तिथं कुणी रंग मारत नाही, म्हणून ते खरं बोलतं. स्लॅबच्या खपल्या पडून गंजलेल्या सळ्या दिसत असतील तर वरच्या घरातली चकचकीत फरशी विसरून जा.

आता जरा पश्चिमेकडे चला. माझं माहेर घोडेगावच्या बाजूचं, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगराचा कडा खाली आला आणि माळीण गाव गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला जिथं गाव दिसायचं तिथं चिखल दिसला, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. आमच्याकडे त्या आठवड्यात एकाही घरात धड चूल पेटली नाही, प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिकडे होतं.

पुढे शेजारच्या आमडे गावाच्या हद्दीत नवं माळीण वसवलं. ६७ घरं, भूकंपातही टिकतील अशी. २ एप्रिल २०१७ ला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ती लोकांच्या ताब्यात दिली. आणि त्याच जूनमध्ये, पहिल्या जोराच्या पावसात, नव्या गावातला भराव खचला. रस्ते खचले, गटारं उखडली, काही घरांच्या आवारात भेगा पडल्या. एक डोंगर अंगावर आलेला पाहिलेली माणसं ती. त्यांची काय अवस्था झाली असेल? नंतर दुरुस्तीची कामं झाली. पण मला त्यातून जे कळलं ते असं, की घर पक्कं असून भागत नाही, घराखालची जमीन पक्की हवी. उतारावर जागा सपाट करायची तर एक बाजू कापतात आणि ती माती दुसऱ्या बाजूला भरतात. कापलेल्या बाजूवरचं घर मूळ जमिनीवर उभं असतं, भरलेल्या बाजूवरचं काल टाकलेल्या मातीवर. भराव थरा-थरानं पाणी मारून, रोलर फिरवून दाबला नसेल तर पहिला पाऊसच तो दाबतो.

हल्ली आपल्या भागात डोंगराच्या कुशीत, धरणाच्या काठाला प्लॉट आणि फार्महाऊसच्या जाहिराती फार दिसतात. फोटोत धुकं, समोर पाणी. घेणारे पुण्या-मुंबईचे असतात, पण आपल्यातलेही निवृत्तीचे पैसे त्यात घालतात. तिथं गेलात तर समोरच्या पाण्याकडे नंतर बघा, आधी पाठ वळवून मागचा डोंगर बघा. उतारावर भेगा आहेत का, झाडं किंवा विजेचे खांब एका बाजूला कललेत का, नव्यानंच झरा फुटलाय का, डोंगराचा पायथा रस्त्यासाठी उभा कापलाय का? शेजारच्या वाडीतल्या म्हातारीला विचारा, "पूर्वी इथं काय होतं?" पावसाळ्यात इथून ओढा वाहायचा, असं ती म्हणाली तर तो पुन्हा वाहणार. नदीकाठीही हाच प्रश्न. मीना, कुकडी, घोड, ओतूरची मांडवी, सगळ्यांच्या काठानं आता घरं होतायत. वर धरणं आहेत, पाणी सोडतात तेव्हा काठ भरून येतात. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्लॉट निळ्या रेषेच्या आत असेल तर स्वस्त का आहे ते कळलं.

आणखी एक तपासणी फक्त आपल्याच भागातली. घर संध्याकाळी सातनंतर एकदा पाहा. ऊस किती लांब आहे? रस्त्यावर दिवा आहे का? कुंपणाला भिंत आहे की नुसती तार? मुलांची शाळेची बस कुठं थांबते? बिबट्याचं नाव काढलं की दलाल म्हणतो, "अहो, तो काय सगळीकडेच आहे." आहेच. म्हणून तर विचारायचं.

जुन्नरच्या पेठांमधले जुने वाडे घेणारेही आहेत. त्यांच्यासाठी एवढंच, की लाकडी खांब आणि तुळयांवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. बद्द आवाज आला किंवा टोक सहज आत गेलं तर वाळवीनं आतून पोखरलंय. मातीच्या जाड भिंतीवर नवा सिमेंटचा गिलावा केला असेल तर मला तरी धास्ती वाटते. ओल आत कोंडते आणि भिंत आतून सुटत जाते.

कागदांचा विषय मोठा आहे, तो वकिलावर सोडा. पण दोन-तीन गोष्टी आपल्यालाही तोंडपाठ हव्यात. २०१६ चा रेरा कायदा आपल्याकडे १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. त्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला आणि तुम्ही तो कळवला, तर बिल्डरनं तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. करारनामा करण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेता येत नाही. ऐकायला किती छान! पण मंचरला दाजींनी रेराचा नंबर विचारला तेव्हा उत्तर आलं, "आपली बिल्डिंग आठच फ्लॅटची, रेरा लागत नाही." आणि ते खरं होतं. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. आता मला सांगा, आपल्या गावांमधून आठ-आठ फ्लॅटच्या इमारती किती आहेत? मोठ्या शहरातल्या बाईला जे कवच आहे ते आपल्याला नेमकं इथं नाही. आपल्याला मग तोच जुना मोफा आणि तीच तीन वर्षं. म्हणून लिहून घेणं आलं. ताबा घेताना दोषांची यादी करायची, दोन प्रतींवर बिल्डरची सही घ्यायची आणि मगच ताबापावतीवर आपली सही. नंतर काही निघालं तर तारखेचे फोटो आणि रजिस्टर्ड पोस्टानं पत्र. चहा प्यायचा तर पत्र टाकून आल्यावर प्या.

एक टक्क्याची गंमतही सांगते. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यामुळे हल्ली बऱ्याच घरांत खरेदीखतावर बायकोचं नाव येऊ लागलंय. सहीला तिला बोलावतात. घर बघायला मात्र अजून दाजी एकटेच जातात!

मंचरचं पुढं काय झालं? परत येताना गाडीत कुणीच बोलत नव्हतं. नणंदेचे डोळे भरले होते. तिला ते किचन फार आवडलं होतं आणि मला उगाच अपराध्यासारखं वाटत होतं. घरी आल्यावर दाजींनी वही काढली आणि आम्ही सगळं ओळीनं लिहिलं. बारा मुद्दे झाले. ओळखीच्या एका इंजिनिअरला त्या आठवड्यात नेलं, त्यांनी आमचे तीन मुद्दे किरकोळ म्हणून खोडले आणि दोन नवे घातले. ती यादी घेऊन दाजी बिल्डरकडे गेले. आधी तो चिडला, "एवढं बघून कुणी घर घेत नाही." दाजी म्हणाले, "आम्ही घेतो." पंधरा दिवसांनी त्याचाच फोन आला.

गच्चीचा कोबा त्यानं उकरून नव्यानं केला, उतार सुधारला. बाथरूमची फरशी बदलली. अर्थिंग आणि तो स्विच बसवला. टँकरचं काही करता येण्यासारखं नव्हतं, त्यापोटी किमतीत थोडं कमी केलं. सगळं करारनाम्यात लिहून घेतलं, आणि पाच वर्षं गळती निघाली तर दुरुस्ती त्याची, हेही. वकीलबाईंनी ते वाक्य दोनदा बदलायला लावलं. भाद्रपदात पुन्हा दोन दिवस पाऊस लागला तेव्हा नणंद स्वतःच एकटी जाऊन बाथरूमला बोळा लावून आली. दुसऱ्या दिवशी खालच्या काकूंचा फोन, "छत कोरडं आहे गं!" दसऱ्याला विसार दिला. खरेदीखत तिच्या नावावर झालं.

दाजी आता मला इंजिनिअर वहिनी म्हणतात. परवा नणंदेच्या भिशीतल्या एकीनं घोडेगावला जुनं घर बघितलंय, तिनं मला येशील का म्हणून विचारलं. पुढच्या रविवारी जायचं ठरलंय. पाऊस असला तर बरं.